चालू युद्धात सैन्याचं बळ कसं जोखायचं: इंदुरात बसून करता येईल अशी रीत

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं आणि इंदुरात त्याची झळ दोन ठिकाणी लगेच पोचली. एक, ज्यांची मुलं खारकीव्ह-कीव्हच्या वैद्यकीय कॉलेजांत शिकत होती त्या घरांत. दुसरी, सियागंज आणि छावणीच्या बाजारात. आपल्याकडे येणारं सूर्यफूल तेल त्या वेळी मुख्यतः युक्रेनमधून यायचं. ते अडलं की सोया तेल तापतं, आणि सोयाबीन तर माळव्याचंच पीक. आईबाप असोत की तेलाचे दलाल, सगळ्यांचा प्रश्न एकच होता: किती दिवसांत आटोपेल? भलेभले जाणकार सांगत होते की कीव्ह तीन-चार दिवसांत पडेल. एप्रिल उजाडेपर्यंत कीव्हच्या वेशीवरून रशियाचं सैन्यच माघारी गेलं होतं.

जाणकारांकडे आकडे होते, तेही बहुतेक खरे. चूक त्यांच्या वाचनात होती. ती टाळायची एक रीत खाली देतो आहे. तिला गुप्त माहिती लागत नाही, लष्करी पदवीही लागत नाही. एक वही, इंटरनेट आणि घाईने मत न बनवण्याचा संयम एवढं पुरतं. यातला तिसरा जिन्नस बाजारात मिळत नाही, तो ज्याचा त्याने आणायचा.

आधी प्रश्न एका ओळीत लिहा

"कोणाचं सैन्य बलवान?" या प्रश्नाला उत्तरच नाही. बळ कशासाठी, कुठे आणि किती मुदतीत, हे ठरल्याशिवाय मोजायचं काय? 1991 मध्ये इराकचं सैन्य जगातलं चौथ्या क्रमांकाचं म्हणून गाजत होतं. जमिनीवरची लढाई शंभर तासांत संपली. देशांना एक ते दीडशे क्रमांक देणाऱ्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्या म्हणूनच सरळ पुसून टाका. समुद्रकिनारा नसलेल्या आघाडीवर पाणबुड्यांची संख्या मिळवून आलेली बेरीज काय कामाची?

आपल्या घरचं उदाहरण घ्या. 21 डिसेंबर 1817 ला शिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांचं सैन्य इंग्रजांसमोर उभं राहिलं तेव्हा त्यांच्याकडे सत्तरच्या आसपास तोफा होत्या आणि गोलंदाज कसलेले होते. तोफा मोजणारा होळकरांच्या बाजूनेच कौल देता. पण आदल्याच दिवशी सरदारांनी राज्याचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना ठार केलं होतं, आणि ऐन लढाईत होळकरांचाच सरदार गफूरखान आपल्या लोकांसह निघून गेला. गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी झुंजले. इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून आठशेच्या घरात गेले, तरी पंधरवड्यानंतर होळकरांनाच मंदसोरला तह करावा लागला. हुकूम कोण देतो आणि तो कोण मानतो, हे तोफांच्या यादीत दिसत नाही.

म्हणून वहीत पहिली ओळ अशी लिहा: अमुक सैन्य, अमुक आघाडीवर, अमुक काम, अमुक महिन्यांत करू शकेल का? उदाहरणार्थ, "रशियाचा काळ्या समुद्रातला ताफा येत्या सहा महिन्यांत युक्रेनच्या ओदेसा बंदराची जहाजवाहतूक अडवू शकेल का?" हा प्रश्न पुढे पुरता सोडवून दाखवतो, कारण तेलाच्या भावाशी त्याचाच थेट संबंध होता.

युद्धाआधीचा आकडा घ्या आणि तो कापा

किती सैनिक, किती रणगाडे, किती विमानं, हे आकडे लंडनची आंतरराष्ट्रीय सामरिक अभ्यास संस्था दरवर्षी देते आणि वर्तमानपत्रं तेच उचलतात. सुरुवातीला ते ठीक आहेत. मात्र मोजलेलं विमान उडेलच असं नाही. काही दुरुस्तीला असतात, काही सुट्या भागांसाठी उघडून ठेवलेली, काही दुसऱ्या सीमेवर अडकलेली. दारूगोळ्याचंही तेच. आपल्याकडे कॅगचा 2017 चा अहवाल संसदेत आला तेव्हा कळलं की तपासलेल्या दारूगोळ्यापैकी सुमारे 40 टक्के प्रकार दहा दिवसांच्या घनघोर युद्धालाही पुरले नसते. संचलनातले रणगाडे पाहून हे कोणाला सुचलं असतं?

या पायरीवर फार वेळ घालवू नका. आकडा लिहा, समोर तारीख टाका, "यातलं या आघाडीवर किती?" असं प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे व्हा.

दावा, चित्र आणि कबुली वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा

इथे मात्र रेंगाळायला हवं. रोजच्या बातम्यांतली सर्वांत मोठी फसगत इथेच होते.

15 सप्टेंबर 1940 ला ब्रिटनच्या हवाई दलाने जर्मनीची 185 विमानं पाडल्याचं जाहीर झालं. युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्या, तर खरा आकडा साठच्या आसपास निघाला. वैमानिक खोटं बोलत नव्हते. एकाच कोसळणाऱ्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडलेल्या असतात, तिघंही प्रामाणिकपणे "मी पाडलं" म्हणतात. म्हणजे दावा फुगायला प्रचारखात्याची गरजच नसते. ते असलं की आणखी फुगतो, एवढंच. 1999 मध्ये कोसोव्होत नाटोच्या विमानांनी सर्बियाच्या रणगाड्यांवर केलेल्या माऱ्याचीही तीच गत झाली. नष्ट म्हणून धरलेल्यांत लाकडा-कापडाचे बनावट रणगाडेही होते.

वहीत तीन रकाने आखा.

पहिल्यात शत्रूच्या हानीचा दावा. तो लिहा, पण बेरजेत धरू नका. 1 जून 2025 ला युक्रेनने ट्रकमध्ये लपवून नेलेल्या ड्रोननी रशियाच्या हवाई तळांवर हल्ला केला आणि 41 विमानांना फटका दिल्याचं सांगितलं. उपग्रहचित्रांत नष्ट झालेली दिसली ती याहून बरीच कमी. तरीही मोठाच फटका होता. पहिल्या दिवशीचा आकडा आणि आठवड्यानंतरचा आकडा यांत असं अंतर पडणारच, हे धरूनच चालायचं.

दुसऱ्यात चित्राने सिद्ध झालेली हानी. ओरिक्स नावाचा स्वयंसेवी गट एकेका जळक्या रणगाड्याचा फोटो तपासून यादी करतो. 2024 च्या मध्यापर्यंत रशियाच्या तीन हजारांवर रणगाड्यांची हानी अशी फोटोनिशी नोंदली गेली. हा आकडा किमान समजा, कारण फोटो निघालाच नाही तर नोंद नाही. शिवाय तो एका बाजूला झुकतो, आणि हे फार थोडे वाचक लक्षात घेतात. जो माघार घेतो त्याची मोडकी वाहनं शत्रूच्या हाती पडतात, शत्रू दहा बाजूंनी फोटो काढतो. ज्याने जागा राखली तो आपलं मोडलेलं वाहन रात्री ओढून नेतो. त्यामुळे मागे हटणाऱ्याची हानी यादीत जास्त उठून दिसते. आघाडीपासून दूर उभ्या तोफा आणि रडारही फोटोत कमी सापडतात.

तिसऱ्यात कबुली, म्हणजे स्वतःच्या तोट्याचं विधान. सगळ्यांत वजन याला, कारण असं कोणी हौसेने बोलत नाही. एप्रिल 2022 च्या अखेरीस युक्रेनच्या हवाई दलाने स्वतःच सांगितलं की डझनावारी विमानं पाडणारा "कीव्हचा भूत" वैमानिक ही दंतकथा आहे. अर्धी कबुलीही वाचायला शिका. 14 एप्रिल 2022 ला मोस्कवा ही युद्धनौका बुडाली. रशिया म्हणाला, आग लागली, दारूगोळा फुटला, ओढून नेताना वादळात बुडाली. युक्रेन म्हणाला, आम्ही नेपच्यून क्षेपणास्त्रांनी बुडवली. कारणाचा वाद राहू द्या. ताफ्याची मुख्य युद्धनौका गेली, यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं, आणि आपल्या वहीला तेवढं पुरतं.

व्हिडिओसाठी एकच नियम: कुठला आणि कधीचा, ही दोन उत्तरं नसतील तर रकान्यात नाही. एका व्हिडिओ गेममधली विमानं 2022 पासून प्रत्येक युद्धात "आत्ताच पाडलेली" म्हणून हजेरी लावतात. मे 2025 मध्ये आपल्या घरच्या ग्रुपवरही ती आली होती, आणि पाठवणारे चांगले शिकलेले काका होते.

माणसांची हानी मोजताना

मेलेले, जखमी, बेपत्ता आणि पकडले गेलेले हे चारही एकाच आकड्यात असतात आणि मथळ्यात सगळेच "ठार" होतात. आकडा दिसला की आधी विचारा, यात कोण कोण? कारगिलमध्ये आपले 527 जवान शहीद झाले आणि 1,363 जखमी, म्हणजे एका मृत्यूमागे साधारण अडीच जखमी. अनेक युद्धांत हे प्रमाण एकास तीनच्या आसपास येतं. पण ते डोळे मिटून लावू नका. डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत असतील आणि जखमीला दोन दिवस मागे नेता येत नसेल, तर जखमी मरतात आणि प्रमाण बिघडतं.

सर्वांत भरवशाची मोजणी नावानिशी केलेली असते. मीडियाझोना हे रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा शोकसंदेश, कबरी आणि स्थानिक बातम्यांतून रशियाच्या मृत सैनिकांची नावं जमवतात. 2025 च्या सुरुवातीपर्यंत ती नव्वद हजारांवर गेली होती. हाही किमान आकडाच. युक्रेनच्या बाजूने झेलेन्स्कींनी फेब्रुवारी 2024 मध्ये 31,000 आणि त्याच वर्षी डिसेंबरात 43,000 मृत सांगितले. स्वतःच्या सरकारचा आकडा म्हणून तोही खालच्या बाजूलाच धरायचा. पहिला आकडा चुकीचा असला तरी दोहोंमधली दहा महिन्यांची वाढ कामाची आहे.

शिल्लक नको, आवक-जावक पाहा

सियागंजातला कोणताही व्यापारी गोदामात आज किती डबे आहेत यावर दुकानाची तब्येत ठरवत नाही. रोज किती निघतात, किती येतात आणि पुढची गाडी कधी लागणार, हे तो विचारतो. सैन्याला हीच वही लावा. या लेखातली एकच पायरी करायला वेळ असेल, तर ही करा.

तोफगोळे घ्या. मार्च 2023 मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख गोळे द्यायचं ठरवलं. मार्च 2024 पर्यंत निम्म्याच्या आसपास पोचले. अमेरिकेत 155 मिलिमीटरचे गोळे युद्धाच्या सुरुवातीला महिन्याला 14,000 च्या आसपास बनत होते. ते वाढवून 40,000 वर न्यायला अडीच वर्षं लागली. फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्व युक्रेनमधलं अव्दिव्का शहर पडलं तेव्हा युक्रेनचे तोफखाने गोळे मोजून टाकत होते. ज्यांनी आवकेचा रकाना ठेवला होता त्यांना ही चणचण महिनोन्‌महिने आधी दिसत होती.

रशियाच्या बाजूला पाहा. 2022 मध्ये जुने टी-62 रणगाडे आणि 2023 मध्ये त्याहून जुने टी-55 गोदामातून आघाडीकडे निघाले. त्यावर खूप हशा झाला. हसण्यासारखं त्यात कमी होतं. एक अर्थ असा की नवे रणगाडे जातात तितक्या वेगाने बनत नाहीत. दुसरा अर्थ असा की जुना का होईना, रणगाडा येतोच आहे आणि आघाडी उघडी पडत नाही. दोन्ही खरं. 21 सप्टेंबर 2022 ला पुतिननी तीन लाख माणसांची भरती जाहीर केली तीही अशीच वाचायची: फौज अपुरी पडल्याची कबुली, आणि काही महिन्यांनी भोक बुजणार याची सूचना.

भरपाई न होणाऱ्या गोष्टींची वेगळी यादी करा. शिपाई काही महिन्यांत तयार होतो. अनुभवी वैमानिक, रडारचा कुशल चालक, बटालियन सांभाळलेला मेजर यांना वर्षं लागतात.

नकाशा शेवटी उघडा

रंगीत नकाशा मोहक असतो, म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात. जमीन मात्र सगळ्यात शेवटी हलते. जुलै 2022 पासून युक्रेनने खेरसनजवळच्या द्‌नीप्रो नदीवरच्या अंतोनिव्स्की पुलावर लांब पल्ल्याचे रॉकेट टाकायला सुरुवात केली. नकाशावर कित्येक आठवडे फारसं काही बदललं नाही. नदीपलीकडच्या रशियन फौजेची रसद मात्र आवळत गेली आणि 11 नोव्हेंबरला खेरसन शहर मोकळं झालं. उलट, बाखमुतसाठी रशियाने मे 2023 पर्यंत महिनोन्‌महिने माणसं खर्ची घातली. नकाशावर तो विजयच, पण त्यापुढे मोठी मुसंडी मारायला बळ उरलं नाही.

पडताळणीची दोन फुकट साधनं आहेत. नासाची आगी दाखवणारी फर्म्स सेवा: आघाडीवर उष्णतेचे ठिपके कुठे वाढले ते दिसतं. मात्र शेतातला पाला जाळला तरी ठिपका येतो, कापणीनंतरच्या माळव्याचा नकाशा उघडून खात्री करून घ्या. दुसरी, युरोपची सेंटिनेल-2 उपग्रहचित्रं, साधारण पाच दिवसांनी नवी. त्यात एक ठिपका म्हणजे दहा मीटर, तेव्हा एकटा रणगाडा शोधत बसू नका. जळालेला तेलडेपो, तुटलेला पूल, नवे खंदक एवढं दिसतं, आणि बहुधा तेवढं पुरतं.

पीछेहाट दिसली की चार प्रश्न

काय गेलं? का गेलं? सुधारणा झाली का? किती दिवसांत?

1804 मध्ये यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्याच्या घाटापासून थेट आग्र्यापर्यंत पिटाळलं. इंग्रजांच्या तोफा वाटेत गेल्या. पहिल्या दोन प्रश्नांवर थांबलं तर कंपनी सरकार संपलं असंच वाटतं. पण कंपनीकडे दुसरी फौज होती, पैसा होता. त्याच वर्षी डीगला ते पुन्हा उभे राहिले, 1805 मध्ये भरतपूरच्या तटावर चारदा आपटले, तरी डिसेंबरात राजघाटचा तह घडवूनच थांबले. धक्का बसणं वेगळं आणि धक्क्यातून उठता न येणं वेगळं.

31 मे 2025 ला सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ऑपरेशन सिंदूरमध्ये आपली विमानं गेल्याचं मान्य केलं. आकडा दिला नाही. का पडली, चूक काय होती, ती सुधारून दोन दिवसांत विमानं पुन्हा कशी उडाली, हे महत्त्वाचं आहे असं त्यांचं म्हणणं होतं. आकडा न देणं टीकेला मोकळं आहे, आणि टीका झालीही. चौकट मात्र हीच वापरायची, शत्रूच्या पीछेहाटीलाही.

एक प्रश्न सोडवून पाहू: काळ्या समुद्राचा ताफा

कामं दोन होती: ओदेसाची नाकेबंदी करणं आणि समुद्रातून क्षेपणास्त्रं डागणं. युक्रेनकडे नौदल जवळजवळ नव्हतं, 2022 मध्ये त्यांनी आपली मुख्य नौका स्वतःच बुडवली होती. शिलकेच्या हिशेबात रशिया शंभर, युक्रेन शून्य.

आता आवक-जावक. मार्च 2022 मध्ये बर्दियान्स्कला सारातोव्ह हे जहाज गेलं, एप्रिलमध्ये मोस्कवा. जूनच्या अखेरीस रशियाने ओदेसाकडच्या समुद्रातलं सर्पबेट सोडलं. सप्टेंबर 2023 मध्ये क्रिमियातल्या सेवास्तोपोलच्या गोदीत एका पाणबुडीला आणि पुढे ताफ्याच्या मुख्यालयालाच क्षेपणास्त्रं लागली. 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्री ड्रोननी इवानोवेत्स, त्सेझार कुनिकोव्ह आणि सेर्गेई कोतोव्ह बुडवली. आवक? फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस तुर्कीने माँत्रो कराराच्या आधारे काळ्या समुद्रात शिरायच्या सामुद्रधुन्या युद्धनौकांना बंद केल्या. व्होल्गा-डॉन कालव्यातून लहान जहाजं आणता येतात, क्रूझरसारखी मोठी युद्धनौका नाही. जावक चालू, आवक बंद.

परिणाम कामानुसार वेगळे निघाले. मोठी जहाजं सेवास्तोपोलहून रशियाच्या किनाऱ्यावरच्या नोव्होरोसिस्ककडे हलवावी लागली. 17 जुलै 2023 ला रशिया युक्रेनचा माल समुद्रमार्गे जाऊ देणाऱ्या धान्य करारातून बाहेर पडला, सूर्यफूल तेल पुन्हा अडणार म्हणून बाजार दचकला. पण ऑगस्टपासून युक्रेनने किनाऱ्यालगतची वाट उघडली आणि 2024 च्या सुरुवातीला निर्यात युद्धाआधीच्या पातळीजवळ आली. नाकेबंदीचं काम त्या ताफ्याच्या हातून गेलं. क्षेपणास्त्रं डागायचं काम दूरच्या बंदरातूनही होत राहिलं. "रशियाचं नौदल संपलं" म्हणणारा आणि "काही बिघडलं नाही" म्हणणारा, दोघांनीही दोन कामं एकत्र कालवली. करार मोडल्याच्या दिवशी तेजीचा सौदा करण्याआधी सामुद्रधुनीचा रकाना पाहिला असता, तर काहींचे पैसे वाचले असते.

आपलंच सैन्य लढत असेल तेव्हा

महू इंदुरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. पायदळाची शाळा, संचार अभियांत्रिकीचं कॉलेज, आर्मी वॉर कॉलेज तिथेच, आणि ऑगस्ट 2025 मध्ये तिन्ही दलांचा "रण संवाद" हा परिसंवादही तिथेच झाला. अनेक घरांत कोणीतरी वर्दीतलं आहे. तेव्हा नियम बदलतो. गाड्यांचे ताफे, रेल्वेवरचे रणगाडे, उडणारी विमानं यांचे व्हिडिओ काढायचे नाहीत आणि आलेले पुढे पाठवायचे नाहीत. 26 एप्रिल 2025 ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांनाही लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं सांगितलं होतं. सुट्टीवर आलेल्या भाच्याला चहासोबत "आतली बातमी" विचारणंही नको. त्याने सांगितली तर त्याची नोकरी जाते, न सांगितली तर आपण रुसतो. वही बंद ठेवायची नाही. दोन्ही बाजूंच्या दाव्यांना तोच रकाना, तेच वजन. आपल्या बाजूचा दावा गोड लागतो, म्हणून तिथे पेन्सिल अधिक घट्ट धरा.

दर रविवारी वही कशी भरायची

तारीख. प्रश्नाची ओळ. उत्तर टक्क्यांत: "सहा महिन्यांत नाकेबंदी टिकण्याची शक्यता 30 टक्के". "बहुधा" लिहू नका, नंतर बहुधाचा अर्थ सोयीने बदलतो. खाली तीन ओळींत आधार: कोणती कबुली, कोणतं चित्र, कोणती आवक-जावक. मग मत बदलायला लावतील अशा दोन घटना आधीच लिहून ठेवा, जसं की "तुर्कीने सामुद्रधुनी उघडली" किंवा "ओदेसाला सलग दोन आठवडे एकही मालवाहू जहाज लागलं नाही". त्या घडल्या तर टक्का बदला, जुना खोडू नका, बाजूला नवा लिहा. यांतलं काहीच घडलं नाही आणि टीव्हीवर नुसता आरडाओरडा वाढला, तर त्या रविवारी फक्त तारीख टाकून वही मिटा.